अर्धा लिव्हरवाला

कुणी फसवलं तर मला फारसं आश्चर्य वाटत नाही. माझं लहानपण निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत गेलं. तिथे भाव सांगताना कुणी खरं बोलत नाही, आणि खोटं कुणी मनाला लावूनही घेत नाही. पण ज्याने फसवलं त्यानेच शेजारी बसून स्वतःच्या रुमालाने माझे डोळे पुसावेत, हे मला आजही पचलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे, आणि चिडूनच लिहिते आहे.

साल १९९६. बेंगळुरूच्या उत्तरेला, येलहंक्याच्या बाजूला असलेल्या एका संशोधन संस्थेत मी पीएचडी करत होते. त्याच प्रयोगशाळेत पुण्याचा शार्दूल होता. लॅबमध्ये मराठी आम्ही दोघंच. आधी डबा एकत्र खाऊ लागलो, मग भांडू लागलो, आणि तिसऱ्या वर्षी दोन्ही घरांनी मिळून डिसेंबरातलं लग्न ठरवून टाकलं. आमचे मार्गदर्शक डॉ. नागभूषण ही बातमी ऐकून म्हणाले, बरं झालं, तुमची भांडणं आता घरी होतील, लॅबमध्ये शांतता नांदेल.

आमचं काम फुप्फुसातल्या एका जीनवर होतं. फुप्फुसात हवेचे अगदी बारीक फुगे असतात. श्वास सोडला की ते आक्रसतात, आणि तेव्हा ते मिटून बसू नयेत म्हणून तिथल्या पेशी साबणासारखा एक पदार्थ बनवतात. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांत तो पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून ती श्वासासाठी तडफडतात. या पदार्थासाठी लागणारा एक जीन आमच्या वाट्याला आला होता. तसा हा जीन अंगातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत असतो, कातडीत असतो, डोळ्यात असतो. मग तो चालू होतो तो फुप्फुसातच का, एवढाच आमचा प्रश्न होता.

जीनच्या अलीकडे डीएनएचा एक पट्टा असतो. त्यावर ठरावीक प्रथिनं येऊन बसली की जीन चालू होतो. पुस्तकात त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. आमच्या जीनच्या पट्ट्यावर अशी दोन प्रथिनं बसत. त्यातलं एक थायरॉइड ग्रंथीतही सापडतं आणि दुसरं लिव्हरमध्येही, म्हणून आम्ही त्यांना थायरॉइडवाला आणि लिव्हरवाला म्हणायचो. थायरॉइडवाला माझा, लिव्हरवाला शार्दूलचा. सरांनी पहिल्याच वर्षी ही वाटणी करून दिली होती.

प्रयोगाची रीत साधी होती. ज्यांच्यात ही दोन्ही प्रथिनं नाहीत अशा पेशी घ्यायच्या. आपल्या जीनच्या पट्ट्याला काजव्याचा चमकणारा जीन जोडून तो त्या पेशींत घालायचा, आणि सोबत आपलं प्रथिन बनवणारा डीएनए. प्रथिनाने काम केलं तर पेशी उजळतात आणि यंत्र तो उजेड मोजतं. माझा थायरॉइडवाला एकटा घातला की जेमतेम मिणमिणायचं. शार्दूलच्या लिव्हरवाल्याचीही तीच गत. कुचकामी कुणाचा, यावरून आम्ही दोघं इमानेइतबारे भांडत होतो.

जानेवारीतला एक रविवार मला स्वच्छ आठवतो. शार्दूलची स्मिताकाकू जयनगरला राहायची, तिच्याकडेच तो राहायचा. आम्ही तिघं स्वयंपाकघरात अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसलो होतो. हात चालू असताना माझ्या डोक्यात आलं, की थायरॉइडमध्ये लिव्हरवाला नाही आणि लिव्हरमध्ये थायरॉइडवाला नाही. दोघं एका ठिकाणी भेटतात ते फक्त फुप्फुसात. मग आपण त्यांना एकेकटं घालून काय बघतोय? दोघं शेजारी शेजारी बसले, एकमेकांना धरून बसले, तरच जीन चालू होत असेल तर? मी हे मोठ्याने बोलले. शार्दूलचा हात थांबला आणि तो म्हणाला, "परत सांग." मी परत सांगितलं. काकू म्हणाली, हे बाई अगदी आपल्या नवराबायकोसारखंच झालं, आणि आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी प्रयोग लावायचा असं ठरलं, आणि त्याच रात्री निपाणीहून फोन आला. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, पोटाचं ऑपरेशन. मी जवळजवळ महिनाभर गावी होते. तिथे दवाखान्याच्या बाकावर बसून मी मनात नळ्या मांडत होते, पेशींच्या कुठल्या बशीत काय घालायचं ते जुळवत होते. मला वाटायचं, हा प्रयोग माझी वाट बघत थांबलाय.

परत आल्यावर मी शार्दूलकडे लिव्हरवाल्याचा डीएनए मागितला. त्याने फ्रीझरमधून एक नळी काढून दिली. वरती त्याच्या तिरक्या अक्षरात 'लिव्हर, पूर्ण' असं लिहिलेलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या धंद्यात बाहेरून आलेला डीएनए कुणी तसाच वापरत नाही. तो कात्रीसारख्या एन्झाइमने कापायचा, जेलच्या थरावर विजेने पळवायचा आणि तुकडे योग्य लांबीचे आहेत ना ते बघायचं. बाहेर पाठवायचा असला तरी हेच करायचं. पण आपल्याच लॅबमधल्या माणसाने हातात दिलेली नळी कापून बघणं म्हणजे त्याच्या घरी पंगतीला बसून भात शिजलाय का म्हणून शीत चेपून बघणं. तसं कुणी करत नाही. आणि मी तर डिसेंबरात त्याच्याशी लग्न करणार होते.

प्रयोग सपशेल पडला. दोघं एकत्र घातले तरी पेशी अंधारात, उलट माझा एकटा थायरॉइडवाला जेवढा मिणमिणायचा तेवढाही उजेड नाही. मी पुन्हा केला. पेशी बदलल्या, त्या वाढवायचं माध्यम बदललं, यंत्र दुसऱ्या लॅबमधलं वापरलं, काही फरक पडला नाही. शेवटच्या खेपेला आकडे बघून मी लॅबच्या मागच्या जिन्यावर जाऊन बसले आणि रडले. शार्दूल आला. शेजारी बसला. रुमाल काढला आणि अगदी हळुवार हाताने माझे डोळे पुसले. म्हणाला, कल्पना सुंदर होती पण निसर्गाला मान्य नाही त्याला आपण काय करणार, सोडून दे, तुझ्या थीसिसला थायरॉइडवाला एकटा पुरे आहे. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. पडलेले आकडे सरांना दाखवायचीही मला लाज वाटली, आणि मी तो विषय तिथेच सोडला.

माझ्याकडे आणखी एक काम होतं. फुप्फुसाच्या खऱ्या पेशी वाढवणं. त्या परदेशातून आणलेल्या, भयंकर नाजूक आणि मानी. वीज गेली की रुसायच्या, दुसऱ्या कुणी हात लावला तर मरायच्या. लॅबमध्ये त्या फक्त माझ्याकडे टिकायच्या. उन्हाळ्यापासून शार्दूल दर मंगळवारी त्यांच्या बशा माझ्याकडून न्यायला लागला. लिव्हरवाला त्यांच्यात कुठे बसतो ते बघतोय म्हणायचा. मी त्याच्यासाठी चांगल्यातल्या चांगल्या बशा बाजूला काढून ठेवायचे, आणि ह्याने बशा नुसत्या उचलून न्याव्यात, खात्री म्हणूनसुद्धा एकदाही सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघू नयेत, याचा मला कोण अभिमान वाटायचा.

ऑगस्टमध्ये शार्दूल लग्नपत्रिका छापायला पुण्याला गेला. त्याच आठवड्यात हैदराबादच्या एका प्रयोगशाळेने सरांकडे लिव्हरवाल्याचा डीएनए मागितला. सर मला म्हणाले, शार्दूल येईल तेव्हा येईल, तूच पाठव. तेव्हा असा डीएनए गाळणकागदावर थेंबभर टाकून, वाळवून, पेन्सिलने भोवती गोल काढून पाकिटातून पाठवायचे. माझ्याकडे शार्दूलने दिलेली नळी होती. बाहेर जायचा डीएनए म्हणून रीतीप्रमाणे मी तो कापला आणि जेलवर पळवला.

तुकडा आखूड निघाला.

आधी वाटलं माझीच चूक. पुन्हा कापला, तेवढाच आखूड. मग मी ओळखलं की हा कोण आहे. शार्दूलने मागच्या वर्षी मुद्दाम एक अर्धा लिव्हरवाला बनवला होता. प्रथिनाचा पुढचा भाग डीएनएला धरतो आणि शेपटाचा भाग जीनला जागं करतो. शेपूट कापलं की उरतो तो जाऊन जागा अडवतो, काम मात्र काडीचं करत नाही, आणि खऱ्याला तिथे बसूही देत नाही. असा अर्धा बनवायचा तो तुलनेसाठी. माझ्या हातातल्या 'पूर्ण' नळीत हा अर्धा होता.

आणि मला काय झालं सांगू? मला आनंद झाला. मी जेलच्या फोटोकडे बघून एकटीच हसले. नळ्यांची अदलाबदल झाली होती. म्हणजे माझी कल्पना पडलीच नव्हती, तिची परीक्षाच झाली नव्हती. निसर्गाने नाही म्हटलेलंच नव्हतं. पुण्याला एसटीडी करून सांगावं असं चारदा मनात आलं, पण त्याचा चेहरा बघायचा होता, म्हणून मी बातमी पोटात धरून त्याची वाट बघत बसले.

तो आला त्या सकाळी कँटीनच्या बाहेरच्या कट्ट्यावर मी त्याच्यासमोर फोटो ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. तू मला चुकून अर्धा दिलास रे येड्या, आता पूर्ण दे, आजच लावू. तो फोटोकडे बघत राहिला. माझी बातमी त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचायला एवढा वेळ का लागतोय ते मला कळेना. मग तो म्हणाला, अरे हो, चुकून झालं असेल, बघतो मी. त्याला आनंद झाला नाही. एवढंच मी बघितलं आणि फोटो उचलून घेतला. चूक सापडली की संशोधक माणूस उडी मारतो. हा चहाचा कप फिरवत बसला होता.

मी तडक सरांकडे गेले. त्यांच्या टेबलावर कागद पसरलेले होते. फोटो दाखवायच्या आतच ते म्हणाले, बरं झालं तू आलीस, पेपरवरचे परीक्षकांचे शेरे आले आहेत. मी विचारलं, कुठला पेपर? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, शार्दूलने तुला सांगितलं नाही? थायरॉइडवाला आणि लिव्हरवाला एकत्र आले की आपला जीन कितीतरी पटीने चालू होतो, तो पेपर. फेब्रुवारीतच दिसलं होतं, मी त्याला म्हटलं लिहून काढ. मला वाटलं तुम्ही घरच्या घरी बोलला असाल.

फेब्रुवारीत मी निपाणीच्या दवाखान्याच्या बाकावर बसून नळ्या मांडत होते.

शार्दूल कोल्ड रूममध्ये सापडला. तिथे थंडीत कुणी फार वेळ थांबत नाही, पण त्या दिवशी आम्ही थांबलो. त्याने काही नाकारलं नाही, एवढं श्रेय त्याला देते. मी गावाला गेल्यावर त्याला राहवलं नाही, त्याने फक्त एकदा करून बघायचं म्हणून केलं आणि पेशी अशा उजळल्या की यंत्राचा आकडा त्याला आधी चुकीचा वाटला. सर तिथेच उभे होते. त्यांनी पाठ थोपटली, लिही म्हणाले. ही कल्पना पवित्राची, म्हणजे माझी, हे वाक्य त्याच्या तोंडाशी आलं होतं, पण तेव्हा बोललं गेलं नाही आणि नंतर बोलायला जागा उरली नाही. मग मी परत आले आणि डीएनए मागितला. पूर्ण दिला असता तर मला त्याच दिवशी सगळं कळलं असतं. म्हणून त्याने अर्धा दिला.

"आणि मी जिन्यावर रडत होते तेव्हा?" मी विचारलं.

"मला वाटलं होतं तू कापून बघशील. कुणीही बघतं."

"कुणाचंही बघतात. तुझं कसं बघणार होते मी?"

मग तो जे बोलला ते ऐकून मला त्याच्या अंगावर बर्फाची बादली ओतावीशी वाटली. म्हणाला, "लग्नानंतर सांगणार होतो, पवी. तोवर पेपर आला असता. मग तो आपल्या दोघांचाच झाला असता की."

आमचं दोघांचं. माझ्या डोक्यातून निघालेलं, माझ्या पेशींत सिद्ध झालेलं, आणि मला ते मिळणार होतं त्याची बायको म्हणून. दर मंगळवारी मी निवडून काढलेल्या बशा कशाला जात होत्या तेही आता कळलं. त्याच्या पेपरातली फुप्फुसाच्या पेशींची सगळी चित्रं माझ्या हाताखाली वाढलेल्या पेशींची होती, आणि शेवटी आभाराच्या ओळीत माझं नाव होतं, पेशी पुरवल्याबद्दल.

त्या संध्याकाळी येलहंक्याच्या नाक्यावरच्या बूथमधून मी आईला फोन करून लग्न मोडलं म्हणून सांगितलं. तिने विचारलं, त्याचं दुसरीकडे काही आहे काय? मी म्हटलं नाही. दारू? नाही. मग काय झालं गं? मी म्हटलं, त्याने मला खोटी नळी दिली. आई म्हणाली, मी लोकांना काय सांगू, पवित्रा? बाई ठेवली असती तर सगळ्या निपाणीला समजलं असतं, हे कुणालाच समजणार नव्हतं.

परीक्षकांचा एक शेरा मात्र अडला होता. त्यांचं म्हणणं, ही प्रथिनं नसलेल्या उसन्या पेशींत दोघं एकत्र काम करतात हे पटलं, पण खऱ्या फुप्फुसात करतात कशावरून? तिथे अर्धा लिव्हरवाला घाला. तो जागा अडवून खऱ्याला हाकलेल. जीन बंद पडला तर मानू. त्यासाठी फुप्फुसाच्या ताज्या पेशी हव्या होत्या आणि त्या माझ्या इन्क्युबेटरमध्ये होत्या.

सरांनी मला बोलावलं. मी सांगितलं की प्रयोग मी करीन आणि पेपरवर माझं नाव पहिलं असेल. सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. जानेवारीतली गोष्ट त्यांनी ऐकून घेतली, काकूला विचारा म्हटलं तर विचारणार नाही म्हणाले, तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण पहिला प्रयोग त्याच्या हातून झाला, मसुदा त्याने लिहिला, नावं आता उलटी केली तर मासिकाला कारण द्यावं लागेल, लॅबची शोभा होईल. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडम्मा," थोडं जुळवून घे बाई, ते शेवटी म्हणाले. ठरलं असं, की त्याचं नाव पहिलं, माझं दुसरं, दोन्ही नावांवर ताऱ्याची खूण आणि खाली टीप, दोघांचा वाटा समान. प्रयोग शार्दूलच करेल. मी पेशी द्यायच्या.

मी नाही म्हणू शकले असते. फडताळात ब्लीचची बाटली होती, ती इन्क्युबेटरमध्ये उपडी करायला अर्धं मिनिट लागलं नसतं. त्याहून वाईटही मनात आलं, खोटं कशाला सांगू. शेजारच्या कप्प्यात लिव्हरच्या पेशी वाढत होत्या. बशीवर 'फुप्फुस' लिहून त्या दिल्या असत्या तर वाट्टेल ते आकडे आले असते, आणि तो महिनाभर डोकं आपटत बसला असता. दोन्ही कप्प्यांची दारं उघडी ठेवून मी बराच वेळ उभी राहिले. पण तो प्रयोग झाला नाही तर जे अर्धवट राहणार होतं ते माझंच होतं. नाव कुणाचंही पुढे असो, ते दोघं शेजारी बसून फुप्फुसाचा जीन चालू करतात हे मला सिद्ध झालेलं हवं होतं. मी फुप्फुसाच्या बशा काढल्या, त्यातल्या सगळ्यात चांगल्या वाढलेल्या निवडल्या आणि टेबलावर ठेवल्या.

मंगळवारी शार्दूल आला. माझ्याकडे न बघता त्याने बशा ट्रेमध्ये ठेवल्या, पण तो दाराकडे गेला नाही. तो कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकाकडे गेला. पहिली बशी खाली धरली आणि बघू लागला. दुसरी धरली. मग तिसरी. एकेक बशी तो सरकवून सरकवून बघत होता, कडेच्या पेशीसुद्धा. मी हातमोजे घालून तशीच उभी होते. लॅबमध्ये इन्क्युबेटरच्या पंख्याचा तेवढा आवाज होता.

शेवटची बशी बघून झाली तरी त्याने डोळे वर केले नाहीत. तसंच वाकून त्याने विचारलं, "ह्या फुप्फुसाच्याच आहेत ना, पवी?"

"हो," मी म्हटलं.

तो ट्रे उचलून निघून गेला. लग्न मोडलं तेव्हा मी रडले नव्हते, सरांच्या खोलीतही नव्हते. त्या दिवशी मी हातमोजे काढले, इन्क्युबेटरचं दार लावलं आणि तिथेच स्टुलावर बसून रडले.